गोधडीखालचे व्याही

आमच्या व्याह्यांनी जन्मात कशावर विश्वास ठेवला असेल, तर तो फक्त साबणाच्या फेसावर. कारंज्याला त्यांचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि गळती शोधता शोधता त्यांची नजरच तशी होऊन गेलीय. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवतील, पेपर हातात आला की आधी तारीख तपासतील. आमच्या लेकीला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आदी तुमी खा." मी खाल्ले, तेव्हा कुठे सोयरीक जमली. गाडीतला गॅस कमी झाला की बाकीचे लोक दर उन्हाळ्यात नुसता भरून घेतात. हे भरून देत नाहीत. "गॅस आपोआप जात नाई, त्याले कोनीतरी वाट देते," म्हणत नळ्यांच्या एकेका जोडाला दाढीच्या ब्रशने फेस फासतात आणि बुडबुड्याची वाट बघत बसतात. त्या वेळी जवळपास कुणी खोकललेलंही त्यांना खपत नाही.

यंदा मे महिन्यात ते आमच्याकडे शिरपूरला आले, ते लेकीला आणि तान्ह्या नातीला घेऊन जायला. बाळंतपणाला सव्वा महिना झाला होता, अडवून ठेवायचं माझं निमित्त संपलं होतं. पण येता येता त्यांच्याच गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला. असल्या उन्हात पोर गळक्या गाडीतून न्यायची नाही, असं त्यांनी ठणकावलं, आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. मी स्वतः याच लेकीला एवढीशी असताना माहेराहून एसटीने आणलं होतं, खिडकीला ओलं लुगडं बांधून. मालेगाव यायच्या आत लुगडं कडक वाळलं, तरी मी शहाणी सगळ्या बायकांना ती युक्ती शिकवत बसले होते.

व्याह्यांनी गॅसमध्ये आधीच रंग सोडून ठेवला होता. निळी टॉर्च मारली की गळतीच्या जागी तो हिरवा चमकतो, पण त्याला अंधार लागतो. म्हणून भर दुपारी बॉनेट उघडून, वरून माझी गोधडी पांघरून, पिवळा चष्मा लावून ते आत शिरले. बाहेर उरले नुसते पाय. येणारे-जाणारे त्या पायांना रामराम करून जात होते.

ओसरीत मी नातीला मांडीवर घेऊन तिच्याशीच कुरकुरत होते, की बाई, ओळख पटायच्या आधीच निघालीस, एकदा माझ्याकडे बघून हसलीसुद्धा नाहीस. तेवढ्यात व्याही घामाने निथळत बाहेर आले. सुपारीच्या डबीतून त्यांनी जोडात बसवायची एक कोरी हिरवी रबरी रिंग काढली, उजेडात धरली, आमच्याकडे पाहिलं, आणि रिंग परत डबीत टाकली.

"लीक सापडून नाई राह्यलं," म्हणाले.

मग रोज सकाळी फेस आणि दुपारी गोधडी. शेजारच्या मांजरापासून रस्त्यावरच्या गतिरोधकापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी एकदा जेवताना, ताटावरून मान न उचलता त्यांनी मला धरलं.

"इनबाई, खरं सांगा. जोड तुमीच तं ढिला नाई केला?"

"मले जमलं असतं तं आणखी दोन-चार केले असते."

लेकीला ठसका लागला. व्याही काही हसले नाहीत. "मंग उद्याही पाहा लागन," एवढंच म्हणून वरणावर तूप मागून घेतलं.

आणि एका सकाळी नात माझ्याकडे बघून हसली. तोंडभर, बोळकं उघडून. व्याही फेसाची वाटी घेऊन दारातच उभे होते.

त्याच दुपारी लीक सापडलं. डबीतली तीच हिरवी रिंग जोडात बसली, डिकीतल्या टाकीतून गॅस भरला गेला, गाडी गारेगार झाली. लेक आत बसली, काचा वर गेल्या, नात तर केव्हाच झोपली होती. काढलेली जुनी, चिरलेली रिंग व्याही जपून डबीत ठेवू लागले, तेव्हा मी विचारलं, आता ही कायले?

"राहू द्या. कामाची हाय."

गळकी रिंग कोणत्या कामाची, हे मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. पुढच्या उन्हाळ्यात ते दोघींना घेऊन येणार आहेत, त्याच गाडीने. माझा त्यांच्यावर दाट संशय आहे.