गोरेगावचे लेन्सवाले सावंत

सावंतकाकांनी पहिल्या भेटीत मला लगेच घरात घेतलं नाही. दाराला साखळी होती. चार बोटांच्या फटीतून त्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती.

"पत्ता कोणी दिला?"

मी नाव सांगितलं.

"त्याला कोणी दिला?"

ते मला माहीत नव्हतं. "मग विचारून ये," म्हणाले आणि दार लागलं. गोरेगाव पूर्वेच्या त्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी पिशवी छातीशी धरून उभी. तिथूनच फोन करून विचारलं, पुन्हा बेल वाजवली. तेव्हा कुठे साखळी निघाली.

पिशवीत माझ्या बाबांची लेन्स होती. त्यांचा रिळाचा कॅमेरा कधीचाच बिघडला होता, बाबांना जाऊनही तीन वर्षं झाली होती. लेन्स तेवढी आईच्या कपाटात साड्यांखाली राहिली होती. मी बोरिवलीच्या एका शाळेत शिकवते, रविवारी फोटो काढत फिरते. मधे एक धातूची कडी बसवली की अशी जुनी लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावरही चालते, हे कळल्यावर मी कपाट उचकलं. तिच्यातून काढलेल्या फोटोंवर मधासारखी पिवळी छटा यायची. मला ती फार आवडायची. बाबा घरात असतानाचा उजेड तसाच होता, असं वाटायचं. पण काचेत बुरशीही धरली होती आणि ती साफ करणारा भरवशाचा माणूस म्हणून सावंतांचं नाव कानावर आलं होतं.

काका मूळचे मालवणकडचे. जवळच्याच एका स्टुडिओत कॅमेरा असिस्टंट होते, फोकस सांभाळायचं त्यांचं काम. ते सुटल्यापासून घरीच लेन्स दुरुस्त करायचे. त्या दिवशी त्यांनी कडी लावून बाबांची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर चढवली, बटण दाबलं, तर पडद्यावर आलं की लेन्सच नाही. काका खूश झाले. "बघ, ह्याचापण कोणावर विश्वास नाय. अनोळखी आला की आधी नाही म्हणायचं. शहाणा आहे!" मग त्यांनीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आत कुठेतरी जाऊन ती खोड काढून दिली. फोकस बरोबर बसला की कॅमेरा कडांवर लाल रेघ दाखवतो, तिच्यावरही त्यांचा राग. "ती रेघ कंपनीची गो. डोळा तुझा आहे ना? चित्र मोठं करून बघ."

लेन्सला दीड महिना लागेल म्हणाले. काय करणार, असं विचारलं तर, "करणार." म्हणजे काय? "सांगितलं की उद्या चार जण तेच करतील." शेजारी कोणी रिपेअरवाला नव्हता, तरी आवाज खाली आणून बोलले.

दीड महिन्यानं मी लेन्स आणली आणि घरी येताच आईचा फोटो काढला. फोटो स्वच्छ होता, पण पिवळी छटा गायब. आईची साडी पांढरी, मागची भिंत पांढरी. चार-पाच फोटो काढले, खिडकीपाशी नेऊन काढले. मध कुठेच नव्हता.

पुढच्या रिंगवर कोरलेला नंबर तोच होता. पण ती रिंग नुसती फिरवली की निघते, हे मी काकांच्याच टेबलावर पाहिलं होतं. म्हणजे रिंग आपली आणि मागची अख्खी लेन्स दुसरीच, असं सहज करता येतं. एकदा हे डोक्यात आलं आणि मग सगळंच जुळायला लागलं. दीड महिना कशाला हवा होता? काय करणार ते का सांगितलं नाही? आवाज का खाली आणला? स्वतःच्या मनात खोट असल्याशिवाय माणूस दाराला एवढी साखळी लावतो का?

जुन्या लेन्स वापरणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी त्यावर लिहिलं, "गोरेगावच्या सावंतांकडे लेन्स देताना सावध राहा. बदलून देतात." दहा मिनिटांत चौघांनी आभार मानले. एकानं लिहिलं, "मला वाटलंच होतं."

आठवडाभरानं मी आईजवळ हेच रडगाणं गात होते. ती गवार मोडत होती. म्हणाली, "मागचा स्क्रू बघितलास का गं? तुझ्या बाबांनी एकदा ती घरीच उघडायला घेतली होती, माझ्या सुरीनं. स्क्रूचं तोंडच घासून टाकलं. मग तो सुटू नये म्हणून माझं नेलपॉलिश ओतलं वर. लालभडक."

मी लेन्स पालथी केली. मागच्या बाजूला तीन स्क्रू. एकाचं तोंड घासलेलं, खाचेत लाल कण. काकांनी त्याला हातही लावला नव्हता. लेन्स बाबांचीच होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तशीच गोरेगावला गेले. दार काकूंनी उघडलं. काका टेबलाशी बसले होते, मान वर केली नाही.

"काका, मी चुकले. मी ग्रुपवर..."

"ठाऊक आसा माका. दोघे येऊन आपल्या लेन्स घेऊन गेले. न उघडता. पाणीपण नाय घेतलं."

पिवळी छटा गेली म्हणून संशय आला, एवढं मी सांगितलं. मग त्यांनी कारण सांगितलं. त्या काळच्या काही काचांत असा एक मसाला घालायचे की वर्षानुवर्षं अंधारात राहिल्या की त्या पिवळ्या पडतात. उन्हात ठेवल्या की रंग हळूहळू उतरतो. दीड महिना ते रोज सकाळी बाबांची लेन्स खिडकीत ठेवत होते, ऊन सरकलं की जागा बदलत होते. "तुझ्या बाबांनी घेतली तेव्हा ती अशीच होती, स्वच्छ. पिवळी झाली ती तुमच्या कपाटात."

"मग मला आधी सांगायचं ना!"

"पहिल्या दिवशी तू विचारलंस, मी सांगितलं नाही. ती चूक माझी. पण पिवळं गेलं कुठे, ते विचारायला तू आली नाहीस. ती तुझी."

काकू चहा ठेवून तिथेच थांबल्या. काका कपाकडे बघत बोलू लागले. "स्टुडिओत एकदा लेन्स बदलली गेली. भारीतली होती. खोलीत आम्ही चौघं. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही, कोणी काय विचारलं नाही. फक्त पुढच्या शूटिंगला फोन आला नाही. त्याच्या पुढच्यालापण नाही. विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं ना गो? संशय घ्यायचा तर तोंडावर घ्यायचा. मी साखळी लावतो, पण दारात येऊन विचारतो."

त्यांच्यासमोर बसूनच मी ग्रुपवर दुसरा मेसेज लिहिला, माझी चूक स्पष्ट कबूल करून. दोन अंगठे आले, बस. पहिला मेसेज किती ग्रुपांवर फिरला असेल, देव जाणे.

त्यानंतर मी वरचेवर जात राहिले. मी निघताना ते माझी पिशवी उघडून बघायचे, शेवटपर्यंत. मला राग येत नसे. उघडायच्या आधी "बघू का?" म्हणायचे.

गेल्या फेब्रुवारीत काका हृदयविकारानं गेले. तेराव्यानंतर काकूंचा फोन आला. कपाटात दुरुस्त झालेल्या पाच लेन्स होत्या, प्रत्येकीला नाव-पत्त्याची चिठ्ठी. "म्हणालेले, काय झालं तर हिच्याकडे द्या. मी म्हटलं, हिच्याचकडे का? तर म्हणाले, ती परत आलेली."

चार लेन्स मी पोचवल्या. पाचवी घाटकोपरच्या एका निवृत्त गृहस्थांची. त्यांनी ती हातात घेतली, पण आनंद दिसेना. "खरं सांगू? मी हिच्यावर पाणीच सोडलं होतं. देऊन आलो आणि मग कुठेतरी वाचलं की हा माणूस लेन्स बदलून देतो. आता ही माझीच कशावरून?"

"ते मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "आणि ते खोटं होतं."

त्यांनी लेन्स पुन्हा उलटसुलट करून पाहिली. विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा?

मी चपला काढून आत गेले. "कॅमेरा आणा काका. लावून बघा, हवे तेवढे फोटो काढा, काय विचारायचं ते मला विचारा. मी थांबते."