एकच हातोडी

मेहकरच्या आमच्या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणालाही दारू सोडायला सांगितलेले नाही. आणि तरीही मेहकरपासून साखरखेर्ड्यापर्यंतच्या पट्ट्यात त्यांच्याइतकी दारू कुणी सोडवली नसेल, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. बाई निवृत्त परिचारिका, समुपदेशनाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या. पण त्यांच्याकडे ना टेबल, ना समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या. घरामागच्या अंगणात एक पोते अंथरलेले, त्यावर वाळलेल्या चिंचांचा ढीग, एक सपाट दगड आणि एक हातोडी. आलेल्या कुटुंबाला त्या ढिगाभोवती बसवायचे आणि चिंचा फोडायला लावायचे, ही त्यांची पद्धत. हातोडी ज्याच्या हाती, त्याने बोलायचे. बाकीच्यांनी चिंचोके काढत ऐकायचे. "हातोडी एकच काऊन?" असे कुणीतरी विचारले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "दोन देल्ल्या असत्या तं एकमेकाच्या डोक्शात घातल्या असत्या तुमी."

त्या अंगणाचा वास अजून माझ्या जिभेच्या मुळाशी आहे. उन्हात तापलेल्या टरफलांचा धुरकट, गराचा गोडसर आंबट, आणि मागाहून येणारा ओल्या मातीचा. ही ओल भिंतीलगतच्या जास्वंदीची. बाईंसमोर कुणी आपल्या माणसाला 'दारुड्या' किंवा 'बेवडा' म्हटले, की त्याने उठून जास्वंदीला बादलीभर पाणी घालायचे, असा दंडक होता. "आजारी माणूस हाय तो. टीबी झालेल्याले तुमी काय म्हनता, टीबड्या?" असे त्या विचारत. परिणामी भर वैशाखात, सारे मेहकर पाण्याच्या टँकरची वाट पाहत असताना, ती जास्वंद लालबुंद फुललेली असे. एकेका सासूने तिला वर्षभर जगवले आहे.

दुसरा नियम याहून कठीण. हातोडी हाती असताना वाक्य 'मी'पासून सुरू करायचे. 'तो' चालायचा नाही. 'तो पितो, तो मारतो, तो ऐकत नाही' असे घडाघडा सांगणाऱ्या बाया 'मी' म्हटल्यावर एकदम थबकत, आणि हातोडी हवेतल्या हवेत अडून राही. एकदा अमडापूरहून आलेल्या काकूंनी पदराच्या गाठीतून एक पुडी काढली. चहातून गुपचूप पाजले की दारूची शिसारी येते, असे कुणी त्यांना सांगितले होते. बाईंनी पुडी हुंगली, नाक मुरडले आणि विचारले, "तो तुमच्यापासून लपून पेते, तुमी त्याच्यापासून लपून पाजता. मंग तुमच्या घरात उघड्यावर काय होते?" काकू जराशा हिरमुसल्या आणि म्हणाल्या, "भांडन होते नं, बाई." त्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांच्या मांडीवरचे चिंचोके अंगणभर उधळले.

आम्ही तिथे पोहोचलो ते माझ्या दादासाठी. साखरखेर्ड्यात त्याचे विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी भरायचे दुकान. जळालेल्या मोटारीतले वेटोळे काढून तांब्याची केसासारखी तार तो अशी गुंडाळी, की पाहणाऱ्याला वीणकाम वाटावे. मग दारूपायी त्या बोटांत थरथर शिरली. दुकान दुपारी उघडू लागले, पुढे उघडेनासे झाले. गिऱ्हाईक दारात आले की वहिनी सांगे, "त्याहिले कावीळ झाली." माझ्या दादाइतकी दीर्घ कावीळ वैद्यकाच्या इतिहासात कुणाला झाली नसावी. गावाने ती मनावर घेतली. कुणी उसाचा रस आणून दिला, कुणी मुळ्या, कुणी मंतरलेली माळ. आणि लाजेकाजेस्तव वहिनी ते सारे दादाला खरोखरच देऊ लागली. तिची दोन्ही मुले तोवर तितक्याच सफाईने 'कावीळ' म्हणायला शिकली होती. एके दिवशी वहिनी माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, आता मले घर सोडा लागते, नाहीतं हे घर मले गिळते." मी तिला मेहकरच्या बसमध्ये बसवले आणि शेजारी बसले.

बाईंनी दादाची चौकशीच केली नाही. वहिनीला विचारले, "तू जेवली काय?" वहिनीने नकारार्थी मान हलवली आणि मग तिला रडू आवरेना. त्यानंतर बाई तिला अधूनमधून, कधीही, अगदी ऐन कामाच्या वेळी फोन करत. आणि तेवढेच विचारून ठेवून देत. त्या पहिल्या दिवशी हातोडी हाती आल्यावर वहिनीने एक चिंच दगडावर नीट ठेवली. मग दगडावर एक घाव बसला आणि ती म्हणाली, "मी... मी कावीळ सांगतो." बाई हसल्या नाहीत. "हाव. मी बी माया नवऱ्याचं सारं केलं, पोरी. पेनं तेवढं त्याचं त्यानं केलं. लवकर गेला." एवढेच बोलून त्या चिंचेच्या शिरा ओढत राहिल्या.

पुढच्या खेपेला गिऱ्हाईक आले, तेव्हा वहिनीने कावीळ सांगितली नाही. "घरातच हायेत. तुमीच हाका मारा," म्हणाली आणि आत निघून गेली. गिऱ्हाइकाने हाक मारली. दादा ज्या अवस्थेत होता, त्या अवस्थेत दारात आला आणि गावाने त्याला पाहिले. त्याच आठवड्यात आम्ही दोघी पुन्हा बाईंकडे गेलो, तर संतापाने पेटून तोही पाठोपाठ मेहकरला पोहोचला.

"कोन व्हय ती बाई? माया बायकोले बिघडवून राह्यली!"

"मीच व्हय, भाऊ. बसा. उन्हातून आले तुमी," बाई म्हणाल्या आणि त्याच्या हाती हातोडी ठेवली.

भांडायला आलेल्या माणसाच्या हाती हातोडी देणारे समुपदेशन मी दुसरीकडे पाहिलेले नाही. दादा गोंधळून बसला. त्याने एक चिंच दगडावर ठेवली आणि हातोडी उचलली. हात असा थरथरला की घाव अंगठ्यावर बसला. वहिनी तीरासारखी पुढे झुकली, हातोडी घ्यायला. बाईंनी तिचे मनगट धरले.

"राहू दे. त्याचं त्याले फोडू दे."

एक चिंच. जिने त्या हातांचे वैभव पाहिले आहे, तिलाच त्या एका चिंचेला लागलेला वेळ कळेल. चिंच निसटत होती, तो पुन्हा ठेवत होता. शेवटी टरफल तडकले, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "मी... मले तार दिसत नाही आता. मले भेव वाटते."

वहिनी रडत होती. पण जागची हलली नाही. बाई म्हणाल्या, "एकदम सोडू नको, बाप्पा, झटके येतात अंगाले. आधी डॉक्टर, मंग मी." तेवढ्यात तोंड पुसत दादा पुटपुटला, "बेवडाच हाय मी." बाईंनी मुकाट्याने बादलीकडे बोट दाखवले.

तो उपचारांना गेला. मधे घसरला, पुन्हा गेला. दुकान आता सकाळी उघडते, आणि काविळीचा विषय आमच्या घरात केवळ हसण्यासाठी निघतो.

परवा आम्ही सारे बाईंकडे गेलो होतो. बाई आता थकल्या आहेत. चिंचांचा ढीग लहान झाला आहे आणि हातोडी धरलेला त्यांचा हात वयाने कापतो. त्यांचा घाव दगडावर पडला, चिंच घरंगळत दादाच्या पायाशी गेली. त्याने ती उचलली आणि दुसरा हात हातोडीकडे नेला. मग तो थांबला. चिंच बाईंसमोर दगडावर ठेवली, हात मांडीवर घेतले आणि वाट पाहत बसला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. जास्वंदीवर ऊन कलले होते. "जेवला काय रे?" त्यांनी विचारले, आणि हातोडी पुन्हा उचलली.