इंदूरची यजमानघरं आणि ओझरचं विमान

शामसुंदर गुरुजींची इंदूरची यजमानघरं वडिलांच्या वेळेपासूनची. वास्तुशांत असो की मुंज, तिथल्या जुन्या मराठी घरांना नाशिकचेच गुरुजी लागत, आणि गुरुजींचाही त्यात जीव होता. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खांडव्यापर्यंत रेल्वे, स्टेशनातला जिना, पुढे बसचे धक्के. हे आता झेपणारं नव्हतं. "दुसरे गुरुजी बघा म्हणून कळवून टाका," असं पत्नी सुधाताईंनी काळजीपोटी सुचवलं, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठले नाहीत, एवढंच.

इतक्यात इंदूरचे जुने यजमान खंडेराव यांच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. मुलगा मयुरेश म्हणाला, आपल्या नाशिकजवळच्या ओझरहून विमानाने जा. गुरुजींनी भाडं ऐकलं. जवळजवळ सगळी दक्षिणा तिकिटातच जाणार.

"म्हणजे मी वास्तुशांत विमान कंपनीची करायची?"

"आणि जाण्यायेण्यात तुमचे दिवस मोडतात, ते कुठे धरलेत बाबा?"

गुरुजी कुरकुरत निघाले. नेहमीची पिशवी भरून घेतली होती. विमानतळावर तपासणीच्या मुलीने ती उघडली आणि काडेपेटी, कापूर, सुकं खोबरं एकेक करून बाहेर आलं.

"पूर्णाहुतीचं खोबरं आहे, ताई."

"त्यात तेल असतं काका. पेट घेतं."

"अहो, त्यासाठीच तर नेतोय."

मागचे लोक हसले, ती मुलगीही हसली, पण खोबरं काही सुटलं नाही. होमाचं साहित्यच गेलं, आता कसल्या तोंडाने जायचं, या विचारात गुरुजींना खिडकीतून खाली बघायचंही सुचलं नाही. उतरल्यावर त्यांनी खंडेरावांना फोन करून ओशाळत सगळं सांगितलं. खंडेराव म्हणाले, इंदुरात काय कापूर मिळत नाही?

एरवी पोचल्यावर गुरुजी पायाला तेल चोळून आडवे व्हायचे. या वेळी दुपारीच हातपाय धुऊन ताजेतवाने बसलेले दिसले, तेव्हा शेजारच्यांनी विचारलं, संध्याकाळी आमच्याकडे सत्यनारायण सांगाल का? दुसऱ्या दिवशी वास्तुशांत आटोपली आणि खंडेरावांच्या बहिणीने नातवाचं बारसं उरकून घेतलं.

रात्री त्यांनी घरी फोन लावला. "एका तिकिटात तीन घरं झाली. रेल्वेने आलो असतो तर एकच झालं असतं. मयुरेशला म्हणावं, मार्गशीर्षातलं तिकीट आत्ताच बघून ठेव."

सुधाताईंनी गुडघ्याचं विचारलं. तेव्हा कुठे गुरुजींचा हात गुडघ्याकडे गेला. दिवसभरात त्याची आठवणच झाली नव्हती.