डाव्या हाताची निब

बिलोलीच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी सही करायला मी शेजारी बसलेल्या वाघमारे सरांकडे पेन मागितले. त्यांच्या खिशाला गडद लाल, जुने शाईपेन होते. सरांनी मात्र ड्रॉवरमधून बॉलपेन काढून दिले. "हे न्हाई देत सर. निबला माझ्या हाताची सवय हाय." माणूस भलताच चिक्कू दिसतो, असे मी मनात म्हटले. पुढे सारी नोकरी आम्ही शेजारीशेजारीच काढली.

सुट्टीच्या दिवशी सर धर्माबादपासून लातूरपर्यंत जुनी पेने शोधत फिरत. भंगारात निघालेले पेन कोमट पाण्यात भिजवून, आतली रबरी नळी बदलून ते पुन्हा लिहिते करत. विकले एकही नाही. माझी मुलगी तलाठी झाली, तेव्हा असेच एक पेन तिच्या हाती देत म्हणाले, "नवी निब बसवली हाय बाई. आता तुझ्या हातानं झिजू दे." ती आजही त्याच पेनाने सह्या करते.

सरांच्या पत्नी सुमनताई डावखुऱ्या होत्या. त्यांच्या हिरव्या पेनाची निब तशीच, डाव्या हाताने झिजलेली. ताई गेल्या, मुलगा बेंगळुरूला, आणि नांदेडच्या घरात आता सर एकटेच. दिवसदिवस त्यांच्याशी बोलायला कोणी नसते. मला हे बघवत नाही.

दर रविवारी सर सगळी पेने शाईने भरतात आणि प्रत्येकाने एक ओळ लिहितात. न लिहिता ठेवले की पेनात शाई वाळते. पंचाईत झाली ती ताईंच्या पेनाची. सरांनी लिहावे, तर उजव्या हाताने निब झिजून ताईंचे वळण जाणार. "धुवून पेटीत ठेवा," मी सुचवले. सर चिडलेच. "पेटीत ठिवल्यावर काय राहिलं मग तिचं?"

परवा सरांवरच्या या गौरवग्रंथासाठी त्यांची सही आणायला गेलो. पंच्याहत्तरीचे सर टेबलावर वाकून, डाव्या हातात हिरवे पेन धरून, पहिलीतल्या मुलासारखे ताईंचे नाव गिरवत होते. बोटे शाईने माखलेली. वर न बघताच म्हणाले, "डाव्या हातानं शिकून राहिलो. लई वाकडं येतंय." मी ग्रंथाचे पहिले पान त्यांच्यापुढे सरकवले.

या ग्रंथाच्या पहिल्या पानावरची वेडीवाकडी सही त्याच पेनाने, त्याच हाताने केलेली आहे. तो छपाईचा दोष समजू नये. डावा हात वळेपर्यंत आणि वळल्यावरही लिहीत राहता येईल, एवढे निरोगी आणि उदंड आयुष्य सरांना लाभो. आणि सुहृदहो, नांदेडला आलात तर एखाद्या रविवारी सरांकडे जरूर जावे. निवांत बसावे. फक्त पेन मागू नये.