चाळीस किलोची अट

अर्जावरचे सगळे रकाने मी एका बैठकीत भरले. गाव, जन्मतारीख, अकरावीचे गुण, इंग्रजी आणि शास्त्र हे विषय होते का, लग्न झालंय का. या शेवटच्या प्रश्नापुढे मी 'नाही' असं दाबून लिहिलं, इतकं की ते कागदाच्या पाठीवरही उमटलं. अडले ते वजनापाशी. सोलापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्सिंगला जायचं तर मुलीचं वजन किमान चाळीस किलो हवं, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं. आमच्या म्हशीचं दूध किती आणि बैलाचं वय किती हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. माझं वजन मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

अर्ज आणून दिला होता नर्सबाईंनी. मैंदर्गीच्या बाजूची चार-पाच गावं त्या सायकलवरून फिरायच्या, त्यात आमचं एक. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या बाळंतपणात आव्वाच्या, म्हणजे आईच्या, छातीत गळू झालं होतं. नर्सबाईंनी ते फोडलं आणि रोज येणं जमणार नाही म्हणून मला हाताशी धरून शिकवलं: फडकं उकळायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे, पू पूर्ण निघेपर्यंत दाबायचं, आई ओरडली तरी थांबायचं नाही. आठ दिवस मी ते केलं. आत्या नाकाला पदर लावून बाहेर बसायच्या. मला किळस आली नाही. रोज जखम थोडी भरलेली दिसायची आणि मला इतका आनंद व्हायचा की शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही झाला नव्हता. तेव्हाच मी ठरवलं. माझं एकदा ठरलं की ठरलं, हा स्वभाव आजही आहे, घरचे सांगतील.

आव्वा माझ्या बाजूची होती. प्रश्न वडिलांचा, आप्पांचा होता. आणि आप्पांचं मत म्हणजे शेटचं मत.

शेट म्हणजे मैंदर्गीच्या पेठेतले अडतवाले. आमच्या शेंगा वीस वर्षं त्यांच्याच दुकानात जात होत्या. माणूस गोड, दारात गेलं की आधी पाण्याचा तांब्या, मग गुळाचा खडा, मग बोलणं. बैल कोणता घ्यावा, मुलगी कुठं द्यावी, सगळं त्यांना विचारून. त्यांच्या दुकानात छताला एक मोठा काटा टांगलेला होता, दोन्ही बाजूंना साखळ्यांनी अडकवलेल्या फळ्या, एका फळीवर पोती आणि दुसरीवर लोखंडी वजनं. दिवाळीला शेंगांचं माप झालं की शेट हौसेनं माणसांनाही तोलून द्यायचे. पोरं त्यासाठी रांग लावायची. आप्पा दर वर्षी फळीवर मांडी घालून बसायचे आणि दर वर्षी बावन्न किलो भरायचे. घरी येऊन सांगायचे, "औंदाबी बावन्न. तसूभर हाललो न्हाय." शरीर कसं राखलंय याचा तो त्यांचा दाखला होता.

त्या दिवाळीला मी शेंगांच्या गाडीत बसून बरोबर गेले आणि पोती उतरल्यावर फळीवर जाऊन बसले. मापाड्यानं दुसरीकडे वीस-वीसची दोन वजनं ठेवली. माझी फळी झटक्यात वर गेली आणि पेठेतली पोरं हसली. वजनं काढत-बदलत गेल्यावर दांडी सदतिसावर सरळ झाली.

"पोरगी न्हाय, वाळकी शेंग हाय ही," शेट म्हणाले. मग मला नर्स व्हायचंय हे आप्पांनी सांगितल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमी शाने हायसा. पर परक्या बाप्यांना उचलायचं, पुसायचं. उद्या लगीन कोन करंल? बघा, तुमची मर्जी."

आप्पांनी पटल्यासारखी मान हलवली. परत येताना नुसते बैल हाकत राहिले. मला वाटलं, संपलं. पण आप्पा हे न्यायाचे भोक्ते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "सरकारनं चाळीस म्हटलंय न्हवं? शेटच्या काट्यावर चाळीस भरलीस तर सई करतो. न्हाय भरलीस तर गप घरात बसायचं. मग रडायचं न्हाय."

"कबूल," मी म्हणाले, "आणि भरले तर पुन्हा कुणाला विचारायचं नाही."

"न्हाय इचारनार."

घरी आल्यावर अर्जातल्या वजनाच्या रकान्यात मी चाळीस लिहिलं आणि अर्ज टपालात टाकला. खोटं लिहितेय असं मला मुळीच वाटलं नाही. बोलावणं येईपर्यंत तेवढं होणारच होतं. पालकाची सही मुलाखतीच्या दिवशी मेट्रनसमोर करायची होती, त्यामुळे हातात वेळ होता.

मग मी खायला बसले. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या दिवसांत अर्ध्या भाकरीवर दिवस काढलेल्या आव्वाला आता कुणाला तरी पोटभर चारायला मिळत होतं, तिनं ते मनावर घेतलं. ती सीमेपलीकडची, रागावली की आणि माया आली की कन्नडवर जायची. "तिन्नु," खा, म्हणून समोर शेंगदाण्याचा लाडू ठेवायची. तो संपला की पुन्हा "तिन्नु" आणि दूध. भिजवलेले हरभरे, तूप चोपडलेली भाकरी, भाकरीवर शेंगांची चटणी, चटणीवर तेल. धाकटा भाऊ माझ्या ताटाकडे बघत बसायचा, त्यालाही एक घास. पंधरा दिवसांत गाल वर आले. महिन्यानं पोलकं दंडात काचायला लागलं, आव्वानं शिवण उसवून दोन बोटं सैल केलं. मी आरशात बघून खूश व्हायचे. इतकं मन लावून मी अभ्याससुद्धा केला नव्हता.

मुलाखतीचं पत्र आलं. त्याच आठवड्याच्या बाजारी मी आप्पांबरोबर पेठेत गेले, पाटलीण चालावी तशी चालत. फळीवर बसले. समोर वीस-वीसची तीच दोन वजनं आली. माझी फळी जराशी हलली आणि अधांतरीच राहिली. मी श्वास भरून घेतला, जड व्हायला. मापाड्यानं माझ्या बाजूला अर्धा किलो गूळ ठेवला तेव्हा कुठं दांडी सरळ झाली.

"साडेएकोनचाळीस," शेट म्हणाले. "थोडक्यात हुकलं बघा."

मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं. शेटवर संशय घ्यावा हे माझ्या डोक्यातही आलं नाही, त्यांच्या काट्यावर पंचक्रोशी विसंबून होती. पण दोन महिने मी जे खाल्लं ते मी खाल्लं होतं, आणि ते गेलं कुठं? गाडीत आप्पा हळू आवाजात म्हणाले, "देवाची मर्जी न्हाय म्हनायची." त्यांना वाईट वाटलं होतं, पण सुटल्यासारखंही वाटलं होतं. दोन्ही मला त्यांच्या पाठीवरूनच दिसत होतं.

घरात आव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन माझं उसवलेलं पोलकं आणलं आणि आप्पांच्या पुढ्यात टाकलं. "ह्ये बगा. दोन बोटं सैल केलंय, तरी काचतंय. पोरगी काय वाऱ्यानं फुगली का?"

आप्पा म्हणाले, "काटा खोटा बोलतोय व्हय?"

"मला काट्यातलं कळत न्हाय. मला पोलक्यातलं कळतंय."

मी तेवढ्यात बोलून घेतलं. "आप्पा, अट सरकारची आहे. सरकारच्या काट्यावर बघू. तिथं नाही भरले तर त्याच एसटीनं परत येते आणि जन्मात पुन्हा नर्सचं नाव काढत नाही."

आप्पांनी पोलकं हातात घेतलं, शिवण चाचपली, खाली ठेवलं. "बरं. पर तितंबी अर्धा किलो कमी पडलं तर मी कुनाच्या पाया पडनार न्हाय."

निघताना आव्वा दारात उभी होती. "होगि बा," म्हणाली. जाऊन ये. माझ्या पिशवीत चार लाडू होते आणि ते अक्कलकोट यायच्या आत मी संपवले. अंगी लागायला उशीर नको.

दवाखान्यात व्हरांडाभर मुली बसल्या होत्या, काही शहराच्याच पूर्वभागातल्या, आपसांत तेलुगू बोलणाऱ्या, काही माळशिरसकडून पहाटे निघून आलेल्या. पुष्कळशा माझ्याहून सुबक होत्या आणि घाबरलेल्या होत्या. मी घाबरले नव्हते. मुलाखतीत मेट्रननी विचारलं, जखम बघून चक्कर येते का? मी आव्वाचं गळू सगळं सांगितलं, फडकं किती वेळ उकळायचं तेसुद्धा. शेजारचे डॉक्टर हसले. मेट्रन हसल्या नाहीत, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला आतल्या खोलीत नेलं.

तिथं काटा होता. लोखंडी पाट, त्यावर उभं राहायचं, समोर छातीएवढ्या उंचीवर आडवी दांडी, तिच्यावरचं वजन सरकवायचं. मी चप्पल काढली. मेट्रननी वजन चाळीसवर नेलं. दांडी हलली नाही, वरच टेकून राहिली. त्यांनी अजून पुढे नेलं, अजून पुढे, आणि मग ती अलगद मधोमध आली.

"अर्जात चाळीस लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "साडेबेचाळीस आहेस तू. कमी कशाला लिहिलंस?"

मला इतका आनंद झाला की खाली उतरायचं सुचेना. मग सहीसाठी व्हरांड्यातून आप्पांना बोलावलं आणि मी दारातच सांगून टाकलं, साडेबेचाळीस.

आप्पा हसले नाहीत. आधी माझ्याकडे आणि मग काट्याकडे बघत राहिले. "बाई," ते मेट्रनना म्हणाले, "ह्यो काटा बराबर हाय न्हवं?"

मेट्रनना ते आवडलं नाही. "यावर वजन करून आम्ही औषध किती द्यायचं ते ठरवतो. काटा चुकला तर माणूस दगावेल."

आप्पांनी एकवार मान डोलावली. मग पायताण काढलं, पटका काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मला एकडाव बघू द्या." मेट्रन नको म्हणणार होत्या, पण आप्पांच्या तोंडाकडे बघून बाजूला सरकल्या. आप्पा पाटावर चढले. मांडी घालून नव्हे, सरळ, हात मांड्यांना लावून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे. मेट्रननी वजन सरकवलं. बावन्नला दांडी हललीच नाही.

"छप्पन," मेट्रन म्हणाल्या.

आप्पा लगेच उतरले नाहीत. दर दिवाळीला घरी आणलेलं ते बावन्न मला आठवलं, आणि त्याच फळीवर माझ्या आणि त्यांच्या आधी चढलेली पोती आठवली, वीस वर्षांची. मला शेटचा संताप आला, आणि आप्पांची इतकी दया आली की त्यांच्याकडे बघवेना. परक्या खोलीत माझ्या बापाला कुणीतरी उघडं केलं होतं, आणि त्याचं कारण मी होते.

ते उतरले. माझ्या हातातून पटका घेऊन शांतपणे बांधला. "कुटं करायची सई?" त्यांनी विचारलं. मेट्रननी बोट ठेवलं तिथं त्यांनी आपलं नाव काढलं, एकेक अक्षर थांबत थांबत. त्यांच्या हातातली लेखणी मी तेव्हा पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली.

एसटी स्टँडवर आलो. गाडी लागली, आम्ही बसलो, खिडकीतून दवाखान्याच्या बाजूचा रस्ता दिसत होता. तिकडे बघत आप्पा म्हणाले,

"फुडल्या सालच्या शेंगा सोलापुरात आनू. तू हायसच की हितं. आधी तू तोलून बघ, मग मी इकतो."