धोप्याच्या पानावरचा थेंब

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन्सिल सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायचं नाही. पण राग पोटात घेऊन किती दिवस भाकरी खायची, म्हणून लिहिते.

आमची पत्ताकोबी थोडीच, पण हिवाळा तिच्यावरच निघतो. कोबीचं पान मेणचट. नुसत्या पाण्याचे थेंब त्यावर गोल होऊन घरंगळतात, औषध मातीत जातं आणि अळी मजेत राहते. म्हणून फवारणीच्या पाण्यात स्टिकर नावाचं औषध मिसळतात. कृषी खात्याच्या बाईंनी सभेत सांगितलं होतं, पाण्याला वरून ताण असतो, स्टिकरनं तो कमी होतो आणि थेंब पसरतो. आमच्या बाया ते धोप्याच्या पानावर पाहतात. धोपा म्हणजे अळू. थेंब रुपयाएवढा पसरला तर स्टिकर खरं, गोल राहिला तर खोटं.

या वेळी फवारणी केली तर सगळं टपाटप खाली. उरलेलं पाणी मी विहिरीजवळच्या धोप्यावर टाकून पाहिलं. थेंब गोलच. अळ्या अजून वरच्या पानांवर होत्या. गड्ड्यात शिरल्या की कुठलंच औषध पोचत नाही. बाटलीचे पैसे परत मिळाले तरच दुसरं स्टिकर येणार होतं. म्हणून बाटली घेऊन नवऱ्याबरोबर आदिलाबादला, जिथून ती घेतली त्या दुकानात गेले.

दुकानदार नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, वहिनीनं मापानं टाकलं का चहात साखर टाकावी तसं?"

गिऱ्हाईकं हसली. नवराही हसला, ते मला जास्त लागलं. मी झाकणानं मोजूनच टाकलं होतं. "धोप्यावर पाहा," एवढंच म्हटलं.

दुकानदाराचं घर दुकानामागंच. त्यानं धोप्याचं पान आणलं, पाण्यात आमच्याच बाटलीतलं स्टिकर मिसळलं, थेंब टाकला. थेंब रुपयाएवढा पसरला.

"आता काऊन गप झाल्या वहिनी?"

घरी येईपर्यंत नवरा म्हणत होता, उगाच इज्जत घालवली. माझं अंग जळत होतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं?

दुसऱ्या दिवशी मोरीजवळ कपडे धूत होते. तिथल्या धोप्यावर रोज साबणाचं पाणी उडतं. तांब्यातलं साधं पाणी त्यावर सांडलं आणि सपाट पसरलं; साबणानं पानाचं मेणच गेलं होतं. हातातला कपडा तसाच राहिला. धोपा बहुतेक घरी मोरीच्या पाण्यावरच वाढतो. दुकानदाराचाही तिथलाच असणार, म्हणून त्याचा थेंब पसरला!

"पुन्हा हसू करून घ्याले चालली का?" नवरा म्हणाला. मी विहिरीजवळचं पान ओल्या फडक्यात गुंडाळलं, बाटली घेतली आणि एकटी गेले.

दुकानात गर्दी होती. "भाऊ, कालचं पान मोरीजवळचं होतं ना? तसलंच आणा. त्याच्यावर नुसतं पाणी टाका."

"मले टाइम नाही, बाई."

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "टाक ना बे, पाणी काय इकत आणतं?"

दुकानदारानं कुरकुरत पान आणलं. साधं पाणीही तसंच पसरलं. मग मी माझं पान काउंटरवर ठेवलं. आमच्या बाटलीतलं स्टिकर पाण्यात मिसळून त्यावर थेंब टाकला. तो गोल झाला, घरंगळला आणि त्याच्या बिलबुकावर पडला.

कुणी हसलं नाही. त्याचाच मला संताप आला. काल अशीच गिऱ्हाईकं माझ्यावर हसली होती, आणि आज ही सगळी खाली पाहत होती. तो खोटं विकतो तर हसू येत नाही, आणि मी खरं सांगते तर येतं?

"आर्धे पैसे घ्या," दुकानदार म्हणाला. "बाटली उघडली हाये."

"उघडल्याबिगर खोटी कशी कळन?" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आमी काय आर्धे दिले होते? पुरे द्या."

त्यानं दोन नोटा टाकल्या. मी हात लावला नाही. म्हातारा म्हणाला, "दे रे बाबा, आमाले बी घरी जाचं हाये." मग दुकानदारानं गल्ला पुन्हा उघडला, उरलेल्या नोटा काढल्या, वरची चिल्लर काउंटरवर आपटली. मी तिथंच उभी राहून मोजले. पुरे होते.