हळदीचा उतारा आणि कंपन्यांची गुणोत्तरं

वाळलेली हळद ढोलात घालून फिरवली की वरचं सालपट निघतं आणि कांड्या उजळतात. कुरुंद्याजवळच्या एका कारखान्यात अशाच ढोलाशेजारी मी उभी असायची. दुसऱ्या हंगामात छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, धूळ सोडा. सोडून जायचं कुठे? शाळा सातवीतच सुटलेली, माहेर पार समुद्राकाठी, आणि नवऱ्याचं कामही त्याच कारखान्यात.

आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो, त्या ताई लोकांचे कराचे कागद करून देतात. बाजाराच्या दिवशी त्यांच्या पुढच्या खोलीत काही मंडळी जमून शेअर बाजारातल्या कंपन्यांचा अभ्यास करतात. ताईंनी मला खाली बोलावलं.

"लॅपटॉपवर एक एआय एजंट आहे. कंपनीचं नाव सांगायचं, काय पायजे ते मराठीत लिहायचं. तो त्यांचे अहवाल शोधून गुणोत्तरं काढून देतो. तू तक्ता कर आणि बैठकीत वाचून दाखव. महिनाभर बघू. जमलं तर काम तुझं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ढोल हायेच की," म्हणून ताई हसल्या.

गुणोत्तर मी शाळेत नाही, कारखान्यात शिकले. इथे हळदीचा उतारा सांगतात तो असा: पाचाला एक. म्हणजे पाच क्विंटल ओली शिजवून वाळवली की एक क्विंटल हाती. चाराला एक उतरली तर माल भारी, सहाला एक म्हटलं की शेतकऱ्याचं तोंड पडतं. थोडक्यात, आकडा लहान तितकं बरं. एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या बैठकीसाठी मसाल्यांच्या कंपन्या होत्या. मी एजंटला लिहिलं, कर्ज आणि भांडवलाचं गुणोत्तर दे, लहान आकडा वर ठेव. दिलं. मग चालू गुणोत्तर मागितलं. वर्षभरात द्यायचं जेवढं आहे, त्याच्या किती पट हाताशी आहे, ते सांगणारं. तेही लहान वर. तेही दिलं, पण खाली एक ओळ घातली: हा क्रम तुम्हाला असाच हवा आहे का? मला वाटलं, माझं शुद्धलेखन चुकलं म्हणून टोकतोय. ओळ पुसली आणि गप्प बसले.

बैठकीला शाळेतून निवृत्त झालेले सर होते, हळदीची अडत चालवणारे दादा होते. आकडे एजंटने काढून दिलेत, असं मी सांगितलं.

"एजंट म्हंजे? विम्याचा का?" दादांनी विचारलं. "तसा आसंल तर मी निघालो. मागच्यानं माझा चहा पिऊन मलाच पॉलिसी विकली."

हशा झाला. मी वाचायला लागले. कर्जाचा रकाना झाला, मग चालू गुणोत्तराचा.

"तळाची ही तर बुडायला आली म्हणायची," सर म्हणाले.

"बराबर," दादा म्हणाले. "माझ्याकडं हाये तिचा शेअर. उद्याच काढून टाकतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वाटलं, जमलं. पण नजर पुन्हा तक्त्यावर गेली. तीच कंपनी कर्जाच्या रकान्यात सगळ्यात वर होती. विचारावं तर सगळ्यांसमोर चूक उघडी पडणार आणि काम जाणार. न विचारावं तर दादा उद्या विकून मोकळे होणार.

मी तिथेच बसून टाईप केलं: हिच्यावर कर्ज सगळ्यात कमी, मग ही तळाला काहून? इथला 'काहून' माझ्या बोटांत कधी शिरला, देव जाणे. एजंटला तो कळला. उत्तर मी मोठ्याने वाचलं. वर्षभरात द्यायच्या एका रुपयामागे या कंपनीकडे अडीच रुपये हाताशी आहेत. इथे साधारणपणे मोठा आकडा बरा, फारच मोठा असेल तर पैसा नुसता पडून आहे का तेही बघावं. लहान आकडा वर ठेवायला तुम्ही सांगितलं होतं.

दादांनी मांडीवर थाप मारली. "आयला! आपण समदे कंपनीचा उतारा काढून राहिलो की!"

"म्हणून तर मी इतिहास शिकवला," सर म्हणाले.

ताई हसल्या नाहीत. मंडळी गेल्यावर म्हणाल्या, "त्यानं आधी काहीच सांगितलं न्हवतं?"

"सांगितलं होतं. मला कळलं नाही, आणि विचारायला भ्याले."

"मग आज कसं विचारलं?"

"दादा विकणार होते ना," मी म्हणाले.

ताई जिन्यापाशी गेल्या आणि वर माझ्या नवऱ्याला हाक मारली, "भाऊ, हिच्या जागी ढोलावर दुसरं कुणी बघायला सांगा मुकादमाला!" महिन्यातली ही पहिलीच बैठक होती. मी नुसती पदराने लॅपटॉप पुसत राहिले.

आता प्रत्येक रकाना वाचण्याआधी दादा ओरडतात, "वहिनी, लहान बरा का मोठा?" मला ठाऊक नसलं तर मी सरळ सांगते, थांबा, विचारते. आणि मंडळी थांबतात.